हॅरिएट टबमन: तुम्ही परत परत विचारता ते सगळे प्रश्न, एकदाच

आम्ही बाल्टिमोरजवळ राहतो. भारतातून कोणी आलं की वॉशिंग्टन आणि नायगारा उरकून झाल्यावर एक दिवस मी त्यांना गाडीत घालते आणि चेसापीक बेवरचा तो लांबच लांब पूल ओलांडून डॉर्चेस्टर काउंटीत नेते, आणि मग जाताना-येताना, आणि नंतर फोनवर, व्हॉट्सॲपवर, अगदी वर्षभराने लग्नात भेटल्यावरसुद्धा तेच तेच प्रश्न येतात. म्हणून एकदा लिहूनच काढलं. नंबर दिलेत, एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तर तसं सांगितलंय.

१. हॅरिएट टबमन म्हणजे नक्की कोण? आम्ही नाव ऐकलंय फक्त.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात १८२२ च्या सुमारास गुलाम म्हणून जन्मलेली बाई. मूळ नाव अरामिंटा रॉस, घरात मिंटी म्हणायचे. १८४९ मध्ये ती एकटी पळाली आणि स्वतंत्र झाली. इथपर्यंत तिच्यासारखे हजारो होते. तिचं वेगळेपण असं की ती परत गेली, एकदा नाही तर पुढची दहा वर्षं, आणि तेही जिथे तिला सगळे चेहऱ्याने ओळखत होते त्याच गावांत, आणि भाऊ, भाच्या, आईवडील, शेजारीपाजारी असे सुमारे सत्तर लोक बाहेर काढले. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात तिने उत्तरेच्या, म्हणजे गुलामीवाल्या दक्षिणेशी लढणाऱ्या सैन्यासाठी हेरगिरी केली, म्हातारपणी स्वतःच्या घराशेजारी निराधार वृद्धांसाठी घर काढलं, आणि १० मार्च १९१३ ला न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावात न्यूमोनियाने गेली. लोक तिला मोझेस म्हणायचे, बायबलमध्ये आपल्या लोकांना मिसर देशातून बाहेर काढणारा तो मोझेस.

२. 'अंकल टॉम्स केबिन' लिहिणारी ती हीच ना?

नाही नाही. ती हॅरिएट बीचर स्टोव, गोरी लेखिका, कादंबरी १८५२ ची. आपल्या हॅरिएटला लिहिता-वाचता येत नव्हतं. दर तीन पाहुण्यांमागे एक जण हा घोळ करतो, त्यामुळे लाजू नका.

३. तुम्ही तिला 'ती' का म्हणता? 'त्या' म्हणायला नको का?

आत्याने हे अगदी रागावून विचारलं होतं. आपण आईला अगं म्हणतो, विठोबाला अरे म्हणतो, जनाबाईला 'ती' म्हणतो, त्यात अपमान कोणी काढत नाही. मला 'त्या टबमनबाई' म्हटलं की शाळा तपासायला आलेल्या साहेबीण वाटतात. ज्यांना 'त्या' म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं.

४. अंडरग्राउंड रेलरोड म्हणजे खरंच जमिनीखालून ट्रेन होती का? मुलगा रोज विचारतो.

मुलाला सांगा की ना ट्रेन, ना भुयार. पळणाऱ्या गुलामांना लपवणाऱ्या आणि पुढच्या घरी पोचवणाऱ्या माणसांच्या साखळीला पडलेलं ते नाव. रेल्वे तेव्हा नवी नवलाईची गोष्ट होती म्हणून बोलीसुद्धा तीच घेतली, लपायचं घर म्हणजे स्टेशन, घरवाला स्टेशनमास्तर, वाट दाखवणारा कंडक्टर, पळणारा पॅसेंजर. ह्याला ना हेडऑफिस होतं ना नकाशा, आणि बहुतेकांना आपल्या पुढचं एखादं घर तेवढं माहीत असायचं, म्हणजे कोणी पकडलं गेलं तरी सगळी साखळी उघडी पडायची नाही. आणि ह्यात फक्त दयाळू गोरे लोक होते असं पुस्तकांत वाटतं ते अर्धवट आहे. विल्मिंग्टनचा लोखंडी सामानाचा व्यापारी थॉमस गॅरेट हा क्वेकर पंथाचा गोरा माणूस मोठाच होता, पण फिलाडेल्फियात आलेल्या प्रत्येकाचं नाव-गाव-हकिकत लिहून ठेवणारा विल्यम स्टिल कृष्णवर्णीय होता, आणि खाली मेरीलँडमध्ये तर होडीवाले, लाकूडतोडे, शेतमजूर असे स्वतंत्र कृष्णवर्णीयच जीव धोक्यात घालून मदत करायचे.

५. मग खऱ्या ट्रेनचा काहीच संबंध नाही?

आहे की. कॅनडाला जायचा शेवटचा टप्पा बऱ्याचदा खऱ्या ट्रेनने, नायगारावरच्या झुलत्या पुलावरून. १८५६ मध्ये जो बेली म्हणून एक जण तिच्यासोबत होता, त्याला पकडून देणाऱ्याला १,५०० डॉलर लावलेले, आणि ते कळल्यापासून त्याने बोलणंच टाकलं होतं. पुलावर ट्रेन आली, सगळे खिडकीतून धबधबा बघतायत, आणि हा डोकं हातात धरून तसाच बसलेला. ती म्हणतेय बघ रे बघ, हा मान वर करेना. गाडीने पुलाचा मध्य ओलांडला तेव्हा तिने त्याला गदागदा हलवून सांगितलं की आता तू कॅनडात आलास, सुटलास. मग त्याने जे गायला सुरुवात केली ते काही केल्या थांबेना. नायगाराला आपले लोक त्याच पाण्यापुढे सेल्फी काढत असतात तेव्हा मला हमखास तो जो आठवतो.

६. तिने ३०० लोक सोडवले की ७०? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा.

साधारण ७० लोक, सुमारे १३ फेऱ्या. शिवाय आणखी पन्नास-साठ-सत्तर जणांना तिने वाट, घरं, खुणा समजावून सांगितल्या आणि ते आपले आपण गेले.

३०० लोक आणि १९ फेऱ्या हा आकडा सारा ब्रॅडफर्ड ह्या बाईंनी लिहिलेल्या चरित्रातून आला. हॅरिएटला पैशाची ओढाताण होती म्हणून तिला मदत व्हावी ह्या हेतूने १८६८-६९ मध्ये घाईघाईत केलेलं पुस्तक ते, त्यात आकडा फुगला आणि पुढे शंभर वर्षं सगळ्यांनी तोच उतरवून घेतला. स्वतः हॅरिएट १८५८-५९ च्या सभांमध्ये पन्नास-साठ लोक, आठ-नऊ फेऱ्या असंच सांगायची, आणि त्यानंतरच्या फेऱ्या धरल्या की हिशोब बरोबर जुळतो.

सत्तर सांगितलं की लोकांचा चेहरा थोडा पडतो, म्हणजे जणू सेलमध्ये भाव कमी निघाला. मला उलट वाटतं. तीनशे म्हटलं की गर्दी दिसते, आणि सत्तर म्हटलं की एकेकाचं नाव घेता येतं, हा रॉबर्ट, हा बेन, ही केसाया आणि तिची दोन पोरं. ती 'गुलामांना' सोडवायला निघालेली नव्हती, ती स्वतःच्या घरच्यांना आणायला जायची आणि सोबत जो तयार असेल त्याला घ्यायची, आणि पुढे जे काही लिहिलंय ते हे डोक्यात ठेवून वाचा, नाहीतर तिचे निम्मे निर्णय कळणारच नाहीत.

७. तिचे वडील स्वतंत्र होते, नवरा स्वतंत्र होता. मग ती गुलाम कशी?

कायदा असा होता की मूल आईचं. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. बाप मालक असला तरी. म्हणजे मालकाला हे किती सोयीचं ते वेगळं सांगायला नको.

वडील बेन रॉस उत्तम लाकूडतोडे होते, मालकाच्या मृत्युपत्रामुळे १८४० मध्ये सुटले. आई रिट हिलासुद्धा ४५ वर्षांची झाली की सोडायचं असं जुन्या एका मृत्युपत्रात लिहिलेलं होतं, पण ते कोणी पाळलंच नाही. हॅरिएटने पुढे पाच डॉलर देऊन वकिलाकरवी ते कागद शोधून काढले, तेव्हा कळलं की आई कायद्याने कधीच सुटायला हवी होती. नवरा जॉन टबमन स्वतंत्र, पण त्यांना मूल झालं असतं तर ते हॅरिएटच्या मालकाचं झालं असतं.

ह्याच्यातच दुसरा प्रश्न येतो, की आईवडील कायद्याने सुटले होते (बेनने १८५५ मध्ये आपल्याच बायकोला मालकिणीकडून २० डॉलरला विकत घेतलं) तर मग १८५७ मध्ये त्यांना 'सोडवायची' काय गरज? गरज ही की बेनवर पळणाऱ्यांना मदत केल्याचा संशय होता आणि अटक व्हायची वेळ आली होती. दोघं म्हातारे, चालवत नव्हतं. हॅरिएटने एक म्हातारा घोडा मिळवला, त्याला गवताचा पट्टा केला, जुन्या गाडीची दोन चाकं, बसायला एक फळी, पाय ठेवायला दोरीने टांगलेली दुसरी फळी, अशी गाडी केली. आणि आई म्हणे माझी पिसांची गादी सोडून येणार नाही, आणि वडील म्हणे माझी कुऱ्हाड घेतल्याशिवाय हलणार नाही. आमच्या आजीने गाव सोडताना पाटा-वरवंट्यासाठी असंच केलं होतं त्यामुळे मला हे लगेच पटलं.

८. तिच्या डोक्याला मार लागला होता ते काय प्रकरण?

बकटाउन गावात चार रस्ते मिळतात तिथे एक किराणा दुकान आहे, अजूनही आहे. ती बारा-तेरा वर्षांची असेल, सामान आणायला गेलेली. परवानगी न घेता कामावरून निघून आलेला एक गुलाम मुलगा तिथे सापडला, मुकादम त्याच्यामागे, त्याने हॅरिएटला सांगितलं धर त्याला, तिने धरलं नाही. मुकादमाने काउंटरवरचं दोन पौंडाचं वजन उचलून त्या मुलावर फेकलं आणि ते लागलं हिच्या डोक्याला. दोन पौंड म्हणजे आपल्या वाण्याकडचं लोखंडी किलोचं वजन, त्याहून किंचित हलकं. सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांनी हात असा वर-खाली करून वजनाचा अंदाज घेतला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

कवटी दबली. तशीच रक्तबंबाळ मुलगी दोन दिवसांत परत शेतावर. त्यानंतर आयुष्यभर तिला बोलता बोलता एकदम गाढ झोप लागायची, मधूनच शुद्ध जायची, स्वप्नं आणि दृश्यं दिसायची जी ती देवाचा संकेत मानायची. हा अपस्माराचा प्रकार असावा असं आजचे अभ्यासक म्हणतात. विचार करा, मागे कुत्रे लागलेत, जंगलात आठ-दहा माणसं हिच्या भरवशावर, आणि वाटाड्याच मध्येच पंधरा मिनिटं झोपून गेला. बाकीचे काय करायचे? बसून राहायचे, दुसरं काय. म्हातारपणी बॉस्टनला जाऊन तिने त्या डोक्याचं ऑपरेशन करून घेतलं, आणि भूल न घेता दातात बंदुकीची गोळी धरून ते करवलं असं सांगतात.

९. ती स्वतः कशी पळाली?

१८४९ च्या मार्चमध्ये मालक एडवर्ड ब्रोडेस मेला, कर्ज ठेवून. मालक मेला की गुलाम विकायला निघतात हे सगळ्यांना माहीत. तिच्या तीन बहिणी आधीच दक्षिणेत विकल्या गेल्या होत्या, परत कधी दिसल्या नाहीत. सप्टेंबरमध्ये ती आणि बेन, हेन्री हे दोन भाऊ पळाले. मालकिणीने जाहिरात दिली, राज्याबाहेर पकडल्यास प्रत्येकी १०० डॉलर. भाऊ घाबरले, मागे फिरले, तिलाही घेऊन आले. मग ती एकटी निघाली. ध्रुवतारा बघत, रात्री चालत, दिवसा लपत, फिलाडेल्फियापर्यंत सुमारे ९० मैल म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपास. जंगल वाचायला वडिलांनी शिकवलेलं, पाणी आणि दलदल तर लहानपणापासून ओळखीची, कारण सहा-सात वर्षांची असताना तिला मस्करॅटचे, म्हणजे पाणउंदरासारख्या एका केसाळ प्राण्याचे सापळे बघायला थंडीत कमरेएवढ्या पाण्यात पाठवायचे, एकदा तर अंगात गोवर असताना.

१०. फिलाडेल्फियात सुटली ना, मग कॅनडा कशाला?

१८५० च्या कायद्यामुळे. पळून आलेल्या गुलामाला गुलामी नसलेल्या उत्तरेतल्या राज्यांतूनसुद्धा धरून परत न्यायची सोय झाली, मदत करणाऱ्याला १,००० डॉलर दंड आणि सहा महिने कैद. आणि कळस म्हणजे निकाल देणारा अधिकारी माणसाला परत गुलामीत पाठवेल तर त्याला फी १० डॉलर, आणि सोडून देईल तर ५ डॉलर. कारण काय तर कागदपत्रं जास्त करावी लागतात! मग ती लोकांना थेट कॅनडात, सेंट कॅथरीन्स गावात न्यायला लागली, कारण ब्रिटिश राज्यात गुलामी १८३४ पासून बंद होती.

११. लोकांना नेमकं बाहेर काढायची कसं? काहीतरी ट्रिक असेल ना?

एक ट्रिक नाही, बारीक बारीक बऱ्याच.

थंडीत यायची, रात्री मोठ्या म्हणून, आणि लोक घरात म्हणून. निघायचं शक्यतो शनिवारी रात्री, कारण रविवारी सुट्टी, आणि पळाल्याची जाहिरात छापायची तर सोमवार उजाडतो. मालकाच्या वाड्याजवळ ती स्वतः सहसा जायचीच नाही, आठ-दहा मैलांवरची जागा ठरवायची आणि लोकांनी तिथे यायचं. न आलेल्यासाठी थांबायचं नाही, सख्खा भाऊ असला तरी (प्रश्न १२ बघा). अंधारात आपण आहोत हे गाण्यावरून कळवायची, ठराविक भजन, ठराविक चाल, आणि घुबडाचा आवाज काढायची असंही सांगतात.

आणि प्रसंगावधान. एकदा दिवसाढवळ्या जुन्या गावात पाय बांधलेल्या कोंबड्या घेऊन, म्हातारीसारखी वाकून चालत होती, समोरून जुना मालक. तिने दोरी ओढली, कोंबड्या फडफडायला लागल्या, ही त्यांच्यामागे धडपडत कुंपणापलीकडे. तो हसत निघून गेला.

पण माझी आवडती गोष्ट तिची एकटीची नाहीच. १८५६ मध्ये जो बेलीची टोळी (हो, प्रश्न ५ मधलाच) विल्मिंग्टनला पोचली तर पुलावर पोलीस. थॉमस गॅरेटने काय केलं, सकाळी दोन गाड्या भरून गवंडी पाठवले, गात, ओरडत, हुल्लड करत, जणू कुठे पिकनिकला चाललेत, पहाऱ्यावरच्यांनी बघितलं. रात्री तेच गवंडी तशीच हुल्लड करत परत आले, पहाऱ्यावरच्यांनी म्हटलं हां, सकाळचेच, जाऊ दे. गाडीच्या तळाशी ही सगळी मंडळी आडवी पडलेली. वरातीच्या ट्रकमागे कोणी बघत नाही, तसं ते.

आणि पहिली सुटका तर ह्याहून भारी. डिसेंबर १८५०, केंब्रिज गावातल्या कोर्टाच्या पायरीवर तिची भाची केसाया आणि तिची दोन मुलं लिलावाला उभी. बोली लागली, कोणीतरी घेतली, लिलाववाला जेवायला गेला. परत येऊन पैसे मागतो तर पुढे कोणीच येईना. बोली लावणारा होता केसायाचा स्वतःचा नवरा जॉन बोली, स्वतंत्र माणूस, खिशात पैसे नसलेला, आणि तोवर त्याने बायकामुलं जवळच्याच घरात लपवली होती, रात्री होडीतून बाल्टिमोर, तिथे हॅरिएट वाट बघत. (त्याचं आडनावच बोली, हा विनोद आमच्याकडे प्रत्येक पाहुण्याला करायचाच असतो.)

१२. लिहिता-वाचता येत नव्हतं तर गावात निरोप कसा द्यायची?

दुसऱ्याकडून लिहून घ्यायची, आणि तेही असं की वाचणाऱ्याला काही कळू नये. १८५४ च्या नाताळाला तिचे तीन भाऊ रॉबर्ट, बेन, हेन्री विकले जाणार अशी खबर आली. तिने जेकब जॅक्सन नावाच्या स्वतंत्र आणि साक्षर कृष्णवर्णीय माणसाला पत्र पाठवलं, सही त्याच्या मानलेल्या मुलाची. आत घरच्या गप्पा, म्हाताऱ्यांना वाचून दाखव, आणि माझ्या भावांना सांग की प्रार्थना करत राहा, झायनचं, म्हणजे देवाच्या नगरीचं, जुनं जहाज आलं की चढायच्या तयारीत राहा. पोस्टातल्या गोऱ्यांनी आधी फोडून वाचलं आणि त्यांना संशय आला, कारण त्या मुलाला आईबाप, भाऊ कोणीच नव्हते. जॅक्सनला बोलावून विचारलं. त्याने एक नजर टाकली, म्हणाला छे, हे माझ्यासाठी असूच शकत नाही, मला तर ह्याचं डोकं-पाय कळत नाही, आणि बाहेर पडून थेट भावांकडे गेला.

रॉबर्टच्या बायकोला त्याच दिवशी कळा सुरू झाल्या. तो थांबला, मूल झालं, मग निघाला. हॅरिएट थांबली नव्हती. तो धावत पळत वडिलांच्या झोपडीजवळ त्यांना गाठता झाला.

आणि तिथे, झोपडीजवळच्या मक्याच्या कोठीत हे सगळे लपलेले, पाऊस पडतोय. आई रिट घरात नाताळाचं जेवण करून मुलांची वाट बघतेय, सारखी दारात येते, डोळ्यावर हात धरून रस्त्याकडे बघते. फळ्यांच्या फटींतून मुलं तिला बघतायत. हॅरिएटने आईला पाच-सहा वर्षांत बघितलेलं नाही, आणि सांगायची सोय नाही, कारण आई आनंदाने आणि मग दुःखाने असा आरडाओरडा करेल की सगळ्या वस्तीला कळेल. वडिलांना सांगितलं. ते जेवण घेऊन यायचे पण तोंड फिरवून, आणि निघायच्या वेळी डोळ्याला रुमाल बांधून थोडं अंतर सोबत चालले, दोन बाजूंनी दोन मुलांनी हात धरलेले. नंतर चौकशी झाली तर म्हणाले, मी मुलांना बघितलेलं नाही. बेन रॉस खोटं बोलत नाही हे गोऱ्यांनाही माहीत होतं.

हे मी कितीदा सांगितलंय, दरवेळी रुमालापाशी आवाज जातो.

१३. मागे फिरणाऱ्याला गोळी घालायची धमकी द्यायची हे खरं का? मग बाळं रडली तर?

पिस्तूल होतं, धमकी द्यायची, स्वतः सांगायची. गोळी कधी घातली नाही. एक जण परत गेला आणि चाबकाखाली बोलला की सगळी घरं, सगळी माणसं गेली, त्यामुळे मध्ये सोडून जायची मुभा नव्हतीच. कोणाला हे क्रूर वाटतं. मला नाही वाटत, पण मी त्या दलदलीत उभी नव्हते हेही खरं.

बाळांना अफूचं औषध पाजून झोपवायचे. दचकू नका, मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायका बाळागोळी द्यायच्या ती अफूचीच. डिसेंबर १८६० च्या शेवटच्या फेरीत एनल्स कुटुंबाचं तान्हं बाळ असंच आलं.

१४. नवऱ्याला का नाही आणलं?

आणायला गेली होती, १८५१ मध्ये, त्याच्यासाठी नवा सूट घेऊन. तोवर त्याने कॅरोलिन नावाच्या दुसऱ्या बाईशी संसार मांडला होता आणि तो भेटायलाही आला नाही. हिला आधी वाटलं तिथे जाऊन चांगला तमाशा करावा. मग विचार बदलला, आणि दुसरे जे यायला तयार होते त्यांना घेऊन गेली. पुढे १८६९ मध्ये तिने नेल्सन डेव्हिस ह्या तिच्याहून वीसेक वर्षांनी लहान माजी सैनिकाशी लग्न केलं.

१५. ४०,००० डॉलरचं बक्षीस, गोधडीतले नकाशे, ते 'हजार लोक आणखी सोडवले असते' वालं वाक्य, ह्यातलं खरं काय?

तिन्ही सोडून द्या.

४०,००० चं बक्षीस कोणी कधी लावलं नव्हतं. तेवढ्या पैशाने तेव्हा काय काय आलं असतं, सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर असतं. खरी जाहिरात प्रश्न ९ मधली, शंभर डॉलरची. गोधडीच्या नक्षीत वाट विणलेली असायची ही गोष्ट १९९९ च्या एका पुस्तकातून पसरली, जुना पुरावा काही नाही. आणि 'त्यांना आपण गुलाम आहोत हे कळलं असतं तर मी आणखी हजार सोडवले असते' हे वाक्य तिच्या कुठल्याच भाषणात, मुलाखतीत सापडत नाही. गुड मॉर्निंगसोबत फॉरवर्ड करायला छान आहे, पण जरा विचार करा, गुलामाला आपण गुलाम आहोत हे कळत नाही असं ती म्हणेल? जिने स्वतःच्या बहिणी साखळीत जाताना पाहिल्या?

१६. युद्धात तिने काय केलं?

१८६२ मध्ये साउथ कॅरोलायनाला गेली, नर्स, स्वयंपाकीण, आणि मग हेर. स्थानिक गुलामांकडून तिने आणि तिच्या माणसांनी कळून घेतलं की कंबाही नदीत सुरुंग कुठे पेरलेत. २ जून १८६३ च्या पहाटे कर्नल माँटगोमेरीच्या बोटी तिच्या माहितीवर नदीत शिरल्या आणि एका दिवसात साडेसातशेच्या वर माणसं सुटून आली. म्हणजे दहा वर्षांच्या सगळ्या फेऱ्यांच्या दहापट.

शेतातून लोक धावत येतायत, कोणाच्या डोक्यावर चुलीवरून तसंच उचललेलं वाफाळतं भाताचं भांडं आणि मागून पोरगं त्यात हात घालून खातंय, गळ्यात पोरं, बगलेत कोंबड्या, पोत्यात डुकरं. एका आजारी बाईची डुकरं हॅरिएटने उचलली आणि पळताना स्वतःच्याच घागऱ्यात पाय अडकून पडली, घागरा फाटून चिंध्या. नंतर तिने पत्र लिहून घेऊन कळवलं की असल्या कामाला मला विजारीसारखा पोशाख पाठवा.

१७. सरकारने तिला काही दिलं का?

सगळ्या युद्धाचे मिळून २०० डॉलर. पुढे तीसेक वर्षं अर्ज. नेल्सन १८८८ मध्ये गेल्यावर 'सैनिकाची विधवा' म्हणून १८९५ पासून महिना ८ डॉलर, आणि १८९९ मध्ये नर्सच्या कामाचे वाढवून २०. हेर म्हणून पेन्शन कधीच नाही. आपल्याकडे पेन्शनच्या खिडकीवर उभं राहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मेरीलँडने २०२४ मध्ये तिला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल केलं.

१८. २० डॉलरच्या नोटेवर तिचा फोटो आला का?

२०१६ मध्ये जाहीर झालं, नोट अजून आलेली नाही. नोटेवर अजून अँड्र्यू जॅक्सनच आहे, जो गुलामांचा मालक होता.

१९. महात्मा फुल्यांनी तिच्याबद्दल लिहिलंय ना?

तिच्याबद्दल नाही. पण 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी १८७३ मध्ये अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केलं ज्यांनी गुलामांना सोडवायच्या कामात निःस्वार्थीपणा दाखवला. अर्पणपत्रिकेत हॅरिएटचं नाव नाही, पण पुण्यात बसून जोतीराव ज्या लोकांना ते नजर करत होते त्यात ती आपोआप आलीच, असं मी धरते. गंमत म्हणजे त्याच १८७३ मध्ये ऑबर्नला दोन भामट्यांनी पुरलेल्या सोन्याचं आमिष दाखवून तिला २,००० डॉलरला गंडवलं, पैसे उसने घेतलेले. मोझेस झाली तरी माणूसच.

२०. तिला कोणाला आणता आलं नाही असं झालं का?

धाकटी बहीण रेचल. दहा वर्षं हॅरिएट तिच्यासाठी प्रयत्न करत होती, पण रेचलची दोन मुलं दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली आणि ती मुलांशिवाय निघायला तयार नव्हती. १८६० च्या शेवटच्या फेरीत हॅरिएट पोचली तेव्हा कळलं रेचल वारली. मुलांना आणायला लाच द्यावी लागणार होती, ३० डॉलर. तिच्याकडे ३० डॉलर नव्हते.

२१. आम्ही येतोय, बघायला कुठे जायचं?

डॉर्चेस्टर काउंटीत चर्च क्रीकला व्हिजिटर सेंटर आहे, २०१७ ला उघडलेलं, तिकीट नाही. तिथून ब्लॅकवॉटर अभयारण्याची दलदल बघा, २०२१ मध्ये बेन रॉसच्या झोपडीची जागा पुरातत्त्ववाल्यांना ह्याच अभयारण्यात सापडली, १८०८ चं नाणंसुद्धा मिळालं. मग बकटाउनचं दुकान. उन्हाळ्यात येणार असाल तर डासांचं औषध आणा, इथले डास कोकणातल्या डासांना लाजवतील, आणि फुल पँट घाला. वृद्धाश्रम आणि कबर बघायची तर ते न्यूयॉर्क राज्यात ऑबर्नला, वेगळी ट्रिप करावी लागेल.

परतताना केंब्रिजमध्ये रेस स्ट्रीटवर तिच्या म्युझियमच्या भिंतीवर मोठं चित्र आहे, ती भिंतीतून बाहेर वाकून हात पुढे करतेय, आणि सगळे जण त्या हातावर हात ठेवून फोटो काढतात. आमचे सासरे फोटोच्या आधी चपला काढून उभे राहिले. मी काही बोलले नाही. जुलै महिना, फूटपाथ तापलेला, त्यांनीच दोन मिनिटांत परत घातल्या.